केजन आणि फ्रेंच वाक्प्रचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या लाफायेट गावात घर केल्यापासून ओळखीचे लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. बहुतेक प्रश्न केजन लोकांबद्दल, म्हणजे जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या इथल्या वंशजांबद्दल, आणि त्यांच्या फ्रेंच बोलीबद्दल असतात. कोणी न्यू ऑर्लिन्सला चार दिवस हिंडून आलेलं असतं, तर कोणाच्या मुलीने पुण्यात फ्रेंचचा क्लास लावलेला असतो आणि इथली फ्रेंच ऐकून ती चक्रावलेली असते. दर वेळी नव्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हटलं. फ्रेंच उच्चार देवनागरीत जमेल तितके जवळचे लिहिलेत. शेवटचं अक्षर बहुधा गिळायचं, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ काम होतं.

'केजन' हा शब्द आला कुठून?

कॅनडातून. आज ज्याला नोव्हा स्कोशिया म्हणतात, तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच लोकांनी वसाहत केली. तिचं नाव आकादी आणि तिथले लोक आकादियँ. पुढे हा मुलूख इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ मागितली, ती या शेतकऱ्यांनी घेतली नाही, आणि 1755 पासून त्यांना गावंच्या गावं जहाजांत भरून हाकलायला सुरुवात झाली. दहा हजारांहून जास्त माणसं देशोधडीला लागली. मागे परतू नयेत म्हणून घरं जाळली. या सगळ्याला त्यांच्या भाषेत 'ल ग्राँ देराँजमाँ' म्हणतात. शब्दशः अर्थ 'मोठा व्यत्यय'. बापजाद्यांच्या हद्दपारीला 'व्यत्यय' म्हणणारी ही माणसं मला तेवढ्यावरूनच आवडली.

त्यांतले काही 1765 च्या सुमारास लुइझियानात पोचले. 1785 मध्ये फ्रान्समधून सात जहाजं आणखी सोळाशेच्या आसपास लोकांना घेऊन आली. गंमत अशी की तेव्हा लुइझियाना होती स्पेनकडे. फ्रेंच बोलणाऱ्यांना जागा दिली ती स्पॅनिश राजाने.

आता शब्द. आकादियँमधला पहिला 'आ' गळाला आणि राहिलं 'कादियँ'. 'दि' आणि 'य' एकमेकांना चिकटले, त्यांचा 'ज' झाला आणि इंग्रजांच्या तोंडी 'केजन' पडलं. हे मराठी माणसाला विचित्र वाटू नये. संस्कृत 'अद्य'चं प्राकृतात 'अज्ज' आणि आपल्याकडे 'आज' झालं, ते याच वाटेने.

केजन आणि क्रिओल एकच ना?

नाही, आणि इथे बसून तसं म्हटलंत तर दोन्हीकडचे लोक रागावतील. 'क्रिओल'चा मूळ अर्थ वसाहतीत जन्मलेला. पोर्तुगीज-स्पॅनिशमधून आलेला शब्द. लुइझियानात पूर्वी तो गोऱ्या-काळ्या दोघांनाही लावत. शिवाय लुइझियाना क्रिओल नावाची स्वतंत्र भाषा आहे. ती अठराव्या शतकात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांमध्ये घडली. तिला आता 'कुरी-विनी' असंही म्हणतात, कारण तिच्यात 'जाणे' म्हणजे 'कुरी' आणि 'येणे' म्हणजे 'विनी'. इथली फ्रेंच बोलणारे हूमा जमातीचे मूळ रहिवासीही आहेत. म्हणजे फ्रेंच बोलणारा तो केजन, हा हिशेब चुकतो.

'लेसे ले बों ताँ रूले' ही जुनी केजन म्हण आहे का?

न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळापासून मगांपर्यंत ही ओळ सगळीकडे छापलेली दिसते. अर्थ: मजेचे दिवस चालू राहू देत. पण पॅरिसच्या माणसाला ऐकवलीत तर तो दोन क्षण गप्प राहील. फ्रेंचमध्ये असं कोणी म्हणत नाही. 'रूले' म्हणजे गडगडणे, लोळणे, आणि वेळ काही गडगडत नाही. हे इंग्रजी वाक्प्रचाराचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं फ्रेंच आहे. आपल्याकडे जाहिरातवाले इंग्रजी घोषवाक्याचं मराठी करतात, त्याच जातीचं.

म्हणून खोटं म्हणायचं का? मी तरी म्हणत नाही. लोक ते हौसेने म्हणतात, नाचताना ओरडतात. फक्त एवढंच की टी-शर्टवरची फ्रेंच वेगळी आणि ओट्यापाशी बोलली जाणारी वेगळी. या पानावरचे बहुतेक घोटाळे या दोन भाषांची गल्लत झाल्यामुळे होतात.

मग खरी फ्रेंच ऐकायची कुठे?

इथल्या इंग्रजीत! हे उलटं प्रकरण माझ्या फार आवडीचं आहे. न्यू ऑर्लिन्सची जुनी मंडळी किराणा 'विकत घ्यायला' जात नाहीत, ती इंग्रजीत चक्क 'किराणा करायला' जातात. बाकी अमेरिकेला हसू येतं. पण खाली फ्रेंच आहे: 'फेर ल मार्शे', म्हणजे बाजार करणे. आपली आजी 'बाजार करून येते' म्हणायची की नाही?

तसंच गाडी दारात थांबली की इथे इंग्रजीत विचारतात, 'खाली उतरताय का?' इतर अमेरिकनांना कळत नाही की मोटारीतून 'खाली' काय उतरायचं. फ्रेंच 'देसाँद्र' म्हणजे उतरणे, तेच इंग्रजीत आलंय. आपणही बसमधून 'उतरतो' आणि इंग्रजी बोलतानाही तसंच म्हणतो. पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मला त्यात काही वेगळं आहे हेच कळलं नव्हतं. आणखी एक खूण: वाक्याची सुरुवात 'मी ना, मी...' अशी करायची. फ्रेंच 'म्वा, झ' तसाच्या तसा इंग्रजीत बसवलाय.

'लान्याप' म्हणजे काय?

वरताळा. भाजीवालीने पाव किलो गवार मोजून झाल्यावर वर टाकलेल्या दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या म्हणजे लान्याप. शब्दाचा प्रवास ऐका: दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत 'यापाय' म्हणजे भर घालणे. तिथून स्पॅनिशमध्ये 'ला न्यापा', आणि स्पॅनिश अमलातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेंच तोंडांनी स्पॅनिश उपपदासकट अख्खा शब्द उचलला. मार्क ट्वेनने 1883 सालच्या मिसिसिपीवरच्या पुस्तकात या शब्दाचं तोंड भरून कौतुक केलं आहे. आता तो दुकानांच्या पाट्यांवर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांवर सगळीकडे असतो. मासळीवाल्याने किलोवर दोन कोळंब्या जास्त टाकल्या आणि 'लान्याप' म्हणाला, की मला दादरच्या मंडईत उभं असल्यासारखं वाटतं.

केजन फ्रेंच म्हणजे मोडकी फ्रेंच, असं आमच्या फ्रेंचच्या बाई म्हणतात. खरं आहे का?

बाईंना माझा नमस्कार सांगा, पण हे खरं नाही. जुनी आहे, असं म्हणा. तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलीला पुण्याच्या कोणी 'बिघडलेली' म्हणावं, तसं हे आहे. माणसं घर सोडताना जी भाषा घेऊन निघाली ती त्यांनी जपली, मागे राहिलेल्यांनी बदलली.

'आत्ता' म्हणायला फ्रान्समध्ये 'मँतनाँ' म्हणतात, इथे 'अस्तेर'. हे 'आ सेत अर', म्हणजे 'या घटकेला', याचं झिजून झालेलं रूप. सोळाव्या शतकातल्या फ्रेंच लेखनात ते सापडतं. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतातही चालतं. 'थांब, वाट बघ' याला इथे 'एस्पेर' म्हणतात. पॅरिसमध्ये त्याचा अर्थ उरलाय फक्त 'आशा कर'. वाट बघणाऱ्याला आशा असतेच म्हणा. पाऊस पडतो म्हणायचं तर पॅरिसकर म्हणतो 'इल प्ल', इथली म्हातारी माणसं म्हणतात 'सा मुय', म्हणजे 'भिजवतंय'. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बोलींमध्ये हे अजून ऐकू येतं, आणि आकादीला गेलेली पुष्कळ कुटुंबं त्याच भागातली होती.

ती किनाऱ्यावरची आणि पुढेही पाण्याशीच जखडलेली, म्हणून नावाड्यांचे शब्द घरात शिरले. बुटाची नाडी 'बांधतात' ती 'आमारे' करून. फ्रान्समध्ये आमारे करतात ते जहाज, धक्क्याला. दार ओढायचं तर 'आले', म्हणजे दोर खेचल्यासारखं. मागे वळायचं तर 'व्हिरे द बोर', म्हणजे गलबताचं तोंड फिरवायचं. पाच वर्षांचं पोर बूट घालताना गलबत नांगरतंय, हे चित्र मला काही केल्या विसरता येत नाही.

आणि मग घोटाळे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे दंड, हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा, तशा जोड्या इथे ढिगाने आहेत. 'त्रेतर' फ्रान्समध्ये तयार जेवण पुरवणारा, लुइझियानात मंत्र-प्रार्थना म्हणून चामखीळ घालवणारा गावचा वैदू. रीत अशी की त्याला पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत. 'शव्रेत' फ्रान्समध्ये हरणी, इथे कोळंबी. 'कातँ' इथे लहान मुलीची बाहुली, आणि फ्रान्समध्ये वेश्येसाठी वापरायचा जुना शब्द. लुइझियानातल्या कोणी पॅरिसच्या पाहुण्यांसमोर 'माझ्या नातीकडे किती छान कातँ आहेत' म्हटलं, तर काय होईल ते तुम्हीच ताडा.

सगळे शब्द फ्रेंचच आहेत का?

छे. दलदलीतल्या संथ पाण्याच्या फाट्याला 'बायू' म्हणतात, तो शब्द इथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांचा. रकूनला 'शावी' म्हणतात, तोही तिथल्याच मूळ भाषांमधला. डासाला 'मारँग्वँ' म्हणतात, तो तर ब्राझीलकडच्या तुपी-गुआरानीतून निघाला. नव्या मुलखात डास चावला की नाव स्थानिकांनाच विचारावं लागतं.

गंबो, रू, जांबालाया यांचा अर्थ काय?

गंबो म्हणजे भेंडी. खरंच. अंगोलाकडच्या बांटू भाषांमध्ये भेंडीला 'किंगोंबो'सारखा शब्द आहे. गुलामांबरोबर भाजीही आली, नावही आलं, आणि भेंडी घालून केलेल्या दाट रश्शालाच ते चिकटलं. फ्रान्समध्ये आजही भेंडीला 'गोंबो'च म्हणतात. त्यामुळे भेंडी न घातलेला गंबो खाताना मला आत कुठेतरी हसू येतं. त्यात दाटपणासाठी सॅसफ्रास झाडाच्या पानांची पूड घालतात, तिचं नाव 'फिले'. ती चॉक्टॉ लोकांकडून शिकलेली.

'रू' म्हणजे तांबूस. गंबोची सुरुवात यापासून होते. तेल आणि मैदा साधारण समप्रमाणात घेऊन मंद आचेवर भाजायचा. पहिल्यांदा मी तो शेजारच्या आजींच्या घरी केला. बिडाच्या भांड्यात लाकडी उलथणं, खिडकीबाहेर पाऊस, आणि आजी खुर्चीवर बसून नुसता वास घेतायत. पांढऱ्याचं बदामी झालं, मला वाटलं झालं. 'मे नों, शा.' नाही रे बाळा. बदामीचं शेंगदाण्याच्या कुटासारखं झालं, मग जुन्या तांब्याच्या नाण्यासारखं. हात भरून आले. बेसनाचे लाडू करताना आई म्हणायची, 'हात हलका होईपर्यंत भाज', तेच इथे फ्रेंचमध्ये ऐकत होतो. एक काळा कण दिसला तर सगळं फेकायचं. माझं पहिलं फेकलंच.

जांबालाया हा मांस घालून केलेला भात. त्याच्या नावाची गोष्ट हॉटेलातले वेटर अशी सांगतात की 'जाँबों' म्हणजे डुकराचं मांस आणि 'या' म्हणजे कुठल्याशा आफ्रिकी भाषेत भात, त्याची जोडणी. ऐकायला झकास, पण रचलेली. शब्द दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हांस भागातला आहे. इथल्याच 'एतुफे' या पदार्थाच्या नावाचा अर्थ 'गुदमरवलेलं', थोडक्यात दम दिलेलं.

'फे दो-दो' हे नाच-गाण्याचं नाव कसं?

'फे दो-दो' म्हणजे 'जोजो कर'. 'दोर्मिर', झोपणे, याचं बाळबोलीतलं रूप. फ्रान्समधली आईही मुलाला हेच म्हणते. केजन गावांत शनिवारच्या नाचाला सगळं घर जायचं, तान्ह्यांसकट. नाचघराला लागून पोरांना निजवायची खोली असे. आया तिथे पोरांना थोपटत 'फे दो-दो, फे दो-दो' म्हणत, कधी एकदा हे कार्टं झोपतं आणि वाजंत्री सुरू आहे तोवर मी बाहेर जाते! त्यावरून नाचालाच ते नाव पडलं. काही जण नाचातल्या 'दो-झा-दो', म्हणजे पाठीला पाठ, या आरोळीशी त्याचा संबंध जोडतात. मला पहिली गोष्ट पटते, कारण दोन पोरांना निजवून कार्यक्रम गाठण्याची घाई मी स्वतः पाहिली आहे.

झायडेको हा शब्द म्हणे घेवड्यावरून आला?

झायडेको हे लुइझियानातल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं संगीत. अकॉर्डियन आणि छातीवर अडकवायचा पन्हाळी पत्र्याचा वॉशबोर्ड. क्लिफ्टन शेनिये यांनी ते जगभर नेलं. नावाची सर्वांत प्रसिद्ध उपपत्ती 'ले झारिको सों पा साले' या ओळीत आहे: घेवडा खारट नाही. म्हणजे घेवड्यात टाकायला खारवलेलं मांस नाही, घरात दैन्य आहे. आपल्याकडे 'मीठ-भाकरी' म्हटलं की जे कळतं ते. 'ले झारिको'चं 'झारिको', त्याचं 'झायडेको'. काही अभ्यासक पश्चिम आफ्रिकी भाषांतही मूळ शोधतात.

खास गंमत मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना कळेल. व्याकरणाप्रमाणे 'आरिको'च्या आधी 'झ' यायला नको, पॅरिसमध्ये 'ले आरिको' म्हणतात. पण मॉरिशसच्या क्रिओलमध्येही घेवड्याला 'झारिको'च म्हणतात! हजारो मैल दूर असलेल्या दोन ठिकाणच्या लोकांनी फ्रेंच पुस्तकातून नाही, कानांनी घेतली, आणि अनेकवचनाचा 'झ' शब्दाचाच भाग समजून ठेवून दिला.

मार्दी ग्रा म्हणजे काय आणि गोव्याशी त्याचा संबंध आहे का?

'मार्दी' मंगळवार, 'ग्रा' चरबीदार. ईस्टरआधीचा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होण्याआधी तूप-मांस संपवण्याचा दिवस. गोव्यातला इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल, हा त्याच पंचांगातला तोच सण, फक्त पोर्तुगीजांच्या हातून आलेला.

न्यू ऑर्लिन्सची मिरवणूक सगळ्यांना ठाऊक असते. मामू, युनिस अशा गावांतलं 'कुरिर द मार्दी ग्रा' बघा. मुखवटे, उंच निमुळत्या टोप्या, चिंध्यांचे रंगीत कपडे घालून लोक घोड्यावरून घरोघर जातात, गातात, गंबोसाठी काही द्या म्हणून विनवतात. घरवाला जिवंत कोंबडी मोकळी सोडतो आणि ही सोंगं चिखलात तिच्यामागे पळत सुटतात. कोकणात शिमग्याला सोंगं घेऊन पोस्त मागितलेल्यांना इथे एकदम घरच्यासारखं वाटेल.

रोजच्या बोलण्यातले शब्द कोणते?

पहिला 'शा'. फ्रेंच 'शेर', प्रिय. दुकानातली बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही 'शा' म्हणते, त्यात वावगं काही नाही. 'पोव बेत' म्हणजे 'बिचारं गं'. 'कुयों' म्हणजे येडपट. फ्रान्समध्ये तो असभ्यपणाकडे झुकतो, इथे आजोबा नातवाला प्रेमाने म्हणतात. 'ओंत' म्हणजे लाज, 'मला फार ओंत झालं' असं इंग्रजी वाक्यातही घुसवतात. 'आँव्ही' म्हणजे डोहाळ्यांसारखी खाण्याची तीव्र इच्छा.

नात्यांत काकाला 'नोंक', धर्मपित्याला 'पारँ'. आणि लहान्याला 'ती', हे फ्रेंच 'पती', म्हणजे लहान, याचं उरलेलं टोक. बापाचं नाव जाँ, मुलाचंही जाँ, तर मुलगा 'ती-जाँ'. तो सहा फुटी आजोबा झाला तरी ती-जाँच राहतो, आपल्या बाळासाहेबांसारखा.

इतकी गोड भाषा मागे कशी पडली?

शाळेमुळे. 1921 च्या राज्यघटनेने लुइझियानातल्या सरकारी शाळांचं शिक्षण इंग्रजीतूनच, असं ठरवलं. घरून फक्त फ्रेंच घेऊन आलेल्या मुलांना मधल्या सुट्टीत फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा व्हायच्या. शेजारच्या आजींनी 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य इंग्रजीत पानंच्या पानं लिहिलं आहे. आधी शंभरदा लिहिलं, मग त्याचा अर्थ कळला. पुढे आपल्या मुलांशी त्या फ्रेंच बोलल्या नाहीत. मुद्दामच, त्यांना तसं काही सोसावं लागू नये म्हणून. आता त्यांची फ्रेंच फोनवर बहिणीशी आणि मांजरावर चिडल्यावर, एवढीच ऐकू येते.

दुसऱ्या महायुद्धात शाळेत फ्रेंचसाठी शिक्षा खाल्लेली पोरंच फ्रान्समध्ये सैन्याला दुभाषी म्हणून कामी आली. 1968 मध्ये राज्याने फ्रेंच जपण्यासाठी 'कोडोफिल' ही संस्था काढली. तिने फ्रान्स, बेल्जियम, कॅनडातून शिक्षक आणले. हेतू चांगला होता, पण सुरुवातीला नातवंडं शिकली ती पुस्तकी फ्रेंच, आणि आजीचं 'अस्तेर' त्यांना चूक वाटायला लागलं. आता इथल्याच बोलीतून शिकवण्याकडे कल वाढला आहे. 2010 साली लुइझियाना फ्रेंचचा जाडजूड शब्दकोशही निघाला.

फ्रान्समधल्या एखाद-दोन वाक्प्रचारांचं मूळ सांगाल?

सांगतो, पण ते माझं शेत नाही. 'रव्हनों आ नो मुतों', आपल्या मेंढ्यांकडे वळू या, म्हणजे मूळ मुद्द्यावर येऊ या. पंधराव्या शतकातल्या एका फार्समध्ये कापडवाला मेंढ्यांच्या चोरीची फिर्याद मांडता मांडता बुडालेल्या कापडाच्या पैशांवर घसरतो, आणि न्यायाधीश त्याला पुन्हा पुन्हा मेंढ्यांवर आणतो. दुसरं, निरोप न घेता सटकणाऱ्याला फ्रेंच म्हणतात 'इंग्रजी पद्धतीने गेला' आणि इंग्रज म्हणतात 'फ्रेंच रजा घेतली'. खरं कोण, ते शेजाऱ्यांनाच विचारा.

मला हातावर 'लेसे ले बों ताँ रूले' गोंदवून घ्यायचं आहे. स्पेलिंग तपासून द्याल का?

महिन्याला एक तरी निरोप असा येतो. देतो. 'लेसे'च्या शेवटी झेड, 'बों'च्या शेवटी एस, 'ताँ'च्या शेवटी पी आणि एस, आणि यातलं काहीही उच्चारायचं नाही. लोक 'बों'चा एस विसरतात आणि मग जन्मभर बाही खाली ओढून बसतात.

पण माझं ऐकणार असाल तर 'लाश पा ला पतात' घ्या. बटाटा हातातून सोडू नको, म्हणजे कच खाऊ नको, धरून राहा. बटाटा गरम आहे हे गृहीत. हे भाषांतर करून आणलेलं नाही, इथे आणि क्यूबेकमध्ये लोक खरंच म्हणतात. माझा दुसरा रू काळा पडायला लागला तेव्हा आजी खुर्चीतून हेच ओरडल्या होत्या. शिवाय शब्द चारच आहेत, सुईही कमी टोचेल.